पाचारण त्यांना, बदली मला

पाळकाच्या पगारपत्रकावर एकाच माणसाचं नाव असतं. लग्नानंतर तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो उलटूनही पाहिला. मागची बाजू कोरी होती.

आमच्या ह्यांना देवाचं पाचारण झालं ते अकरावीत असताना, युवक शिबिरात, शेकोटीभोवती. त्या रात्रीची हकीगत ते आजही सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. मला पाचारण वगैरे काही झालं नाही. मला स्थळ सांगून आलं. मुलगा बी.डी. आहे, जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकलाय, निर्व्यसनी आहे, राहायला बंगला आहे. बंगला म्हणजे चर्चच्या आवारातलं कौलारू पार्सोनेज. पावसाळ्यात कुठे बादली ठेवायची आणि कुठे पातेलं, हे तिथल्या भिंतीवर आधीच्या पाळकीणबाईंनी पेन्सिलीने खुणा करून ठेवलं होतं. निर्व्यसनी हे मात्र खरं निघालं, चहा धरला नाही तर.

मी नगरची. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या आईच्या तोंडी नगरच. ह्यांचे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात नागपूरहून रायपूरला आले. सासरे डब्ल्यूआरएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात लागले. गाव बदललं, पण घरातली बोली नागपुरीच राहिली. नवी नवरी म्हणून दारात उभी होते तेव्हा आतून एका चुलतसासूबाईंनी विचारलं, "काय करून राहिली वो सूनबाई?" मी म्हटलं, "काही नाही, उभी आहे." घरात माझ्या विनोदबुद्धीची जी ख्याती झाली ती तेव्हापासून. मी तर सरळ उत्तर दिलं होतं.

चर्चच्या आवारातच पाळकाचं घर असण्यात मोठी सोय आहे. ती मंडळीची. शिडी आमच्याकडे. सभागृहाच्या खुर्च्यांचा हिशेब आमच्याकडे. सतरंज्या, मोठी पातेली, नाताळच्या देखाव्यातला तीन पायांचा उंट, आणि दफनभूमीच्या फाटकाची किल्ली आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. रात्री साडेअकराला बेल वाजली की हे बायबल आणि चप्पल एकदम शोधायला लागतात. त्यांना वाटतं, कुणाचा तरी शेवटचा क्षण आहे. बहुतेक वेळा दारात एक तरुण बाप उभा असतो आणि त्याला सकाळी दहाच्या आत बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो.

एप्रिलमध्ये तर आमच्याकडे श्रद्धेला भरतीच येते. मिशनच्या शाळांचे प्रवेश त्याच सुमाराला चालू असतात. नाताळच्या केकनंतर ज्यांचं दर्शन झालेलं नसतं, ती कुटुंबं पहिल्या बाकावर येऊन बसतात, गीतांच्या वेळी वरच्या पट्टीत गातात, आणि उपासना संपल्यावर ह्यांचा हात जरा जास्त वेळ हातात धरतात. मग हळूच एक अर्ज पुढे येतो. त्यावर पाळकांनी लिहून द्यायचं असतं की हे कुटुंब उपासनेला नियमित असतं. हे लिहून देतात. मी एकदा विचारलं, "हे खोटं नाही का?" ते म्हणाले, "एप्रिलमध्ये नियमितच आहेत."

माझा नवरा अतिशय प्रामाणिक आहे. फक्त तो वर्षाचा हिशेब करत नाही.

आमचं चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळी चर्चं एक झाली आणि हे चर्च उभं राहिलं. वाटाघाटी कित्येक वर्षं चालल्या होत्या. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाला, बिशप असावेत की नसावेत, अशा प्रश्नांवरून युरोपात माणसं देशोधडीला लागली होती. ते सगळं नागपुरात सुटलं. उपासनेनंतरच्या चहात आलं घालायचं की वेलची, हा प्रश्न आमच्या पास्टरेट कमिटीपुढे अजून आहे. दोन्ही पक्षांना मान्य असा तोडगा म्हणून मी मधेच एकदा दोन्ही घातलं होतं. त्यानंतर दोन्ही पक्ष माझ्याविरुद्ध एक झाले. ऐक्य साधण्याचे मार्ग अनेक असतात.

पाळकाचं काम उपदेश करणं, असं बाहेरच्यांना वाटतं. उपदेश आठवड्यातून वीस-पंचवीस मिनिटांचा. बाकीचा आठवडा पाळक खातो. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. घरभेटीला गेलेल्या पाळकाने काही न घेता उठणं म्हणजे त्या घरावर राग धरणं. शंकरनगरला पोहे, फाफाडीहला समोसा, मोव्याला कुणाकडे तरी नुकताच चीला काढलेला असतो. साखर नको म्हटलं तर "पास्टर साहब, घर की मिठाई है" म्हणून दोन पेढे जास्त. ह्यांना डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हा एका घरच्या माऊलीने डॉक्टरच्या हातावर विश्वास ठेवायचा की देवाच्या, असा सरळ सैद्धान्तिक प्रश्न टाकला, हातात गुलाबजामची वाटी धरून. ह्यांनी एक खाल्ला. जबलपूरला तीन वर्षं शिकलेल्या ग्रीकमधून त्या वेळी काहीच आठवलं नाही, असं घरी येऊन म्हणाले.

मी सोबत गेले की मला वेगळी परीक्षा. आमच्या मंडळीत एक आजी आहेत, माहेर बिश्रामपूरचं. बिश्रामपूर म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांचं मूळ गाव. 1868 साली ऑस्कर लोर नावाचे जर्मन मिशनरी छत्तीसगडात आले आणि सतनामी समाजात काम करता करता त्यांनी हे गाव वसवलं. आजींना ह्या इतिहासाचा अभिमान आहे, पण त्या तो सांगत बसत नाहीत. दारातून आत पाऊल टाकलं की त्या विचारतात, "का साग रांधे हस, नोनी?" आज भाजी काय केलीस? सुरुवातीला वाटलं, ह्या माझ्या संसारावर लक्ष ठेवून आहेत. मग कळलं, इथे क्षेमकुशल असंच विचारतात. तब्येत कशी आहे विचारलं तर माणूस खोटं बोलू शकतो. भाजीचं खोटं सांगता येत नाही. तुम्ही "बटाटा" म्हणालात आणि तोही सलग तिसऱ्यांदा, की आजी काही न बोलता आत जातात आणि परसातली चेचभाजी, एखादी मुनग्याची शेंग, वाटीभर बड्या पिशवीत घालून देतात. महिनाअखेर आहे हे त्यांना बटाट्यावरून कळतं. ह्यांच्या कॉलेजात पाळकीय समुपदेशन नावाचा विषय होता, त्याचं जाड पुस्तक आमच्याकडे आहे. त्यात बटाट्याचा उल्लेख मला सापडला नाही.

प्रार्थनाविनंत्यांचं तर वेगळंच शास्त्र आहे. दर गुरुवारी महिलांची सभा असते. तिथे आधी एकेक जण उभी राहून विनंती सांगते आणि मग सगळ्या मिळून प्रार्थना करतो. जगात शांती नांदो, ही विनंती येते, पण ती शेवटी, घाईत. आधी स्कूटीचा हप्ता. मग मुलाची व्यापमंची परीक्षा. मग बोअर. रायपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना मी सांगायला नको. पारा 45 च्या आसपास असताना बोअरला पाणी लागणं ही शुद्ध कृपेची बाब आहे. हिवाळ्यात विनंत्यांचा सूर बदलतो आणि सगळी सभा धानाकडे वळते. पुष्कळ घरांची गावी थोडीफार शेती आहे. सरकार धान खरेदी करतं, क्विंटलला 3,100 रुपये मिळतात, एकरी 21 क्विंटलपर्यंत घेतात, पण त्यासाठी टोकन काढावं लागतं. त्याचं ॲपही आहे, 'टोकन तुंहर हाथ'. तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही टोकनसाठी प्रार्थना करतो. टोकन मिळालं की पुढच्या गुरुवारी उपकारस्तुती, आणि त्यासोबत बारदानासाठी नवी विनंती.

ह्यांना पहिल्यांदा हे ऐकून बरं वाटलं नव्हतं. ते त्या वेळी रोमकरांस पत्रावर उपदेशमाला करत होते, विश्वासाने नीतिमान ठरणं वगैरे. मी म्हटलं, प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर पापांच्या क्षमेच्या आधी आहे. ते काही वेळ गप्प राहिले. पुढच्या रविवारी तेच वाक्य उपदेशात आलं, आणि दारात तिघांनी त्यांचं अभिनंदन केलं. मी चहाच्या किटलीजवळ उभी होते.

अडचण येते ती दोन प्रार्थना एकमेकींना छेदतात तेव्हा. एका बाईने नवऱ्याची बदली रायपूरला व्हावी म्हणून विनंती केली. दोन रांगा मागे बसलेल्या बाईचा नवरा त्याच कार्यालयात होता आणि त्याची बदली होऊ नये अशी तिची विनंती होती. जागा एकच. मी नेतृत्व करत होते. "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे कर" असं म्हणून मोकळी झाले. दोघींनाही ते आवडलं नाही. माझं मत विचाराल तर ह्या वाक्याचा शोधच अशा गुरुवारी लागला असावा.

आता कापणीच्या सणाबद्दल सांगते, कारण पाळकाच्या घरावर त्याचा थेट परिणाम होतो. नोव्हेंबरात एका रविवारी मंडळी आपापलं पहिलं फळ घेऊन येते. वेदीपाशी धानाच्या लोंब्या, लाल भाजीच्या जुड्या, मुळे, जिमीकंद, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. शहरात राहणाऱ्यांची पंचाईत होते. शिक्षिका पेनांचा डबा आणते. बँकेत नोकरी असलेला मनुष्य कोणतं पीक आणणार? तो नव्या वर्षाची कॅलेंडरं आणतो. सगळ्यावर प्रार्थना होते आणि मग बाहेर कडुलिंबाखाली लिलाव.

दोन वर्षांमागचा लिलाव मंडळीत अजून निघतो. आमच्याकडे दोन भाऊ आहेत. गावच्या जमिनीवरून कोर्टात प्रकरण आहे. थोरले चर्चमध्ये डावीकडे बसतात, धाकटे उजवीकडे, आणि प्रभुभोजनाच्या रांगेत त्यांच्यामध्ये कमीत कमी सहा माणसं असतील याची काळजी सेक्रेटरी घेतात. त्या दिवशी टेबलावर एक तांबडा भोपळा आला. आठ किलोंचा तरी असेल. देठाशी हिरवा, एका बाजूने जमिनीवर टेकून पिवळा पडलेला. खजिनदारांनी पन्नासपासून सुरुवात केली. थोरले म्हणाले, दोनशे. लिलावात भोपळा साधारण तिथेच संपतो. धाकटे मोबाइल बघत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, पाचशे.

मग जे झालं ते लिलाव ह्या शब्दात मावणारं नाही. हजार गेले. दोन हजार गेले. लोकांनी चहाचे कप खाली ठेवले. संडे स्कूलची मुलं मोठ्याने आकडे म्हणायला लागली, त्यांची एरवीची प्रगती पाहता हे समाधानकारक होतं. साडेतीन हजाराला थोरल्यांच्या बायकोने त्यांचा सदरा मागून ओढला. चार हजाराला धाकट्यांची बायको उठून पाणी प्यायला गेली. खजिनदारांचा आवाज कापायला लागला. हे माझ्या कानाशी म्हणाले, "मी मधे पडू का?" मी म्हटलं, "संडे स्कूलच्या खोलीचे पत्रे गळतात." हे थांबले. सात हजारांवर थोरल्यांनी भोपळा घेतला, खिशातून नोटा मोजून दिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पास्टर साहब के घर भेज दो." लगेच धाकट्यांनी लाल भाजीची एक जुडी उचलली. कुणीही बोली लावलेली नसताना पाच हजार म्हणाले, आणि तीही आमच्याच घरी पाठवली.

लाल भाजी त्याच दिवशी संपली. भोपळ्याचं तसं नसतं. घारगे झाले, भरीत झालं, रायतं झालं, सांबारात गेला, शेवटी किसून थालीपिठात लपवला. बुधवारी आमच्या धाकट्या मुलाने जेवणापूर्वीची उपकारस्तुती करायला नकार दिला. म्हणाला, मी खोटं बोलणार नाही. संडे स्कूलला नवे पत्रे मात्र बसले. आजही पावसात मुलं कोरडी बसतात ती त्या वैराच्या आशीर्वादाने. दोघा भावांत समेट व्हावा म्हणून मी दर आठवड्याला प्रार्थना करते. सोबत हेही सांगते की घाई नाही, अजून कंपाउंडची भिंत व्हायची आहे.

महिन्यातून एका संध्याकाळी शहरातली मोजकी मराठी ख्रिस्ती घरं एका दिवाणखान्यात जमतात आणि उपासना मराठीत होते. 'उपासना संगीत'ची जुनी पुस्तकं निघतात. रेव्हरंड टिळकांची पदं मी नगरला एका चालीत शिकले, नागपूरकर ती दुसऱ्या चालीत म्हणतात, आणि रायपुरात दोन्ही चाली एकाच वेळी होतात. बाहेर मात्र टिळक म्हटलं की लोकमान्य. ते रायपूरकरांना परके नाहीत, कारण इथल्या माधवराव सप्र्यांनी 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. आमचे टिळक कोण हे समजावून सांगावं लागतं. एका हळदीकुंकवाला एक बाई मला म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!" मी म्हटलं, "फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 सालचं आहे. सराव झालाय." त्यांनी मला वाणाची वाटी जरा बिचकतच दिली. फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या 2020 सालानंतर हा प्रश्न कमी ऐकू येतो. बंद झालेला नाही.

तर आमचे टिळक, नारायण वामन. ह्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट त्यांची आहे, आणि ती आमच्याच रेल्वेमार्गावर घडली. 1893 मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं झालं, त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि सांगितलं की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगाव इथून सत्तरेक किलोमीटर. नागपूरहून येताना गाडी डोंगरगढला लागली की हे ही गोष्ट सुरू करतात, आणि राजनांदगाव येईपर्यंत टिळकांचा बाप्तिस्मा होतो.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. प्रवासात बॅगेत एक नवा करार ठेवलेला असतोच. एकदा समोरच्या बाकावरच्या सभ्य गृहस्थांशी छान गप्पा झाल्या, ह्यांनी पुस्तक दिलं, त्यांनीही ते आदराने घेतलं, आणि बॅग उघडून ह्यांना विम्याचं माहितीपत्रक दिलं. दोन वर्षांच्या आत ह्यांची पॉलिसी निघाली.

मला त्या डब्याबद्दल दुसराच प्रश्न पडतो. साहेबांनी भविष्य सांगितलं ते एकट्या टिळकांचं. बायको आहे का, तिचं काय होईल, हे विचारलं की नाही? लक्ष्मीबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या. त्यांचा जन्म 1868 चा, म्हणजे लोरसाहेब छत्तीसगडात आले त्याच सालचा. नवऱ्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतल्याची बातमी त्यांच्यावर येऊन कोसळली. पुढची पाच वर्षं दोघं वेगळी राहिली, ताटातूट, नातेवाइकांची दारं, सोवळं-ओवळं, सगळं सोसून झालं. मग बाई आपल्या पायांनी आल्या, आपल्या अकलेने विचार करून आल्या, आणि 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना रेल्वेत कुणी पुस्तक दिलं नव्हतं. दिलं असतं तरी अक्षरओळख बेताची होती. त्यांच्यापाशी होता तो टिळकांसारखा नवरा, ज्याच्या हातात पैसा टिकत नसे आणि ज्याच्या डोक्यात घरचा किराणा राहत नसे. देव कळायला तेवढं पुरलं असावं.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी झाले. संन्यास त्यांचा. 1919 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट होतं. ते पुरं कोणी केलं? अर्थात बाईंनी. शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहिलं, ते 1934 पासून भागाभागाने आलं, आणि त्यात स्वतःवर, नवऱ्यावर, पाहुण्यांवर, मिशनवर सगळ्यांवर त्या हसल्या, पण एकाही ठिकाणी कडवट झाल्या नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की सेमिनरीत पाळकीय समुपदेशनाचं ते जाड पुस्तक काढून 'स्मृतिचित्रे' लावावं. निदान परीक्षेपुरतं तरी त्या मुलांना कळेल की संतपण घरात आलं तरी त्याला वेळेवर जेवायला लागतं, आणि तो स्वयंपाक दुसरंच कुणीतरी करत असतं. ह्यांनी ही सूचना वरिष्ठांपुढे मांडायचं कबूल केलं आहे. कबूल बरंच काही केलेलं आहे.

सगळेच गुरुवार हसण्यावारी जात नाहीत. 2025 च्या जानेवारीत बस्तरमधल्या छिंदवाडा गावातले एक पाळक वारले. गावात त्यांना पुरायला विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, मग दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात. मृतदेह वीस दिवस शवागारात होता. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली, पण आणखी खोळंबा नको म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करावं, असा आदेश झाला. ते प्रकरण चालू असताना आमच्या सभेत कुणी विनंतीला उठेना. स्कूटी नाही, बोअर नाही, टोकनही नाही. दफनभूमीची किल्ली ज्या खिळ्याला असते त्याकडे माझं लक्ष गेलं. शेवटी बिश्रामपूरच्या आजी उठल्या. मला वाटलं न्यायासाठी मागतील, सरकारसाठी मागतील. त्यांनी छत्तीसगढीत एवढंच मागितलं की त्या घरात इतके दिवस माणसांची रीघ असेल, वकील, पत्रकार, नातलग. त्यांच्यासाठी चहा करणाऱ्या बायकांच्या हातापायांना बळ दे. आणि खाली बसल्या. मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, निम्मे तर आदल्या रात्री घरीच.

यंदा मे महिन्यात बदलीचं पत्र आलं. तिल्दा. ह्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रभूची इच्छा." मी म्हटलं, "ती आहेच, पण टेम्पो कोण सांगणार?" टेम्पो मीच सांगितला. प्रत्येक बदलीत आमची पुस्तकं वाढतात आणि भांडी कमी होतात, कारण पुस्तकं ह्यांची असतात आणि पातेली मंडळीच्या कार्यक्रमात हरवतात. निरोपसमारंभात ह्यांना शाल मिळाली, मानपत्र मिळालं, त्यांच्या सेवेवर पाच भाषणं झाली. माझ्या सेवेबद्दल सेक्रेटरी म्हणाले की चहा उत्तम असायचा. आलंवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. वेलचीवाले बसून राहिले.

दोन दिवसांनी नव्या पाळकांच्या पत्नीचा फोन आला. कोवळा आवाज, लग्नाला वर्ष झालेलं नाही, ही त्यांची पहिलीच मंडळी.

"दीदी, घर कैसा है?"

मी सांगितलं, नळाला पाणी सकाळी सहाला येतं, गॅसवाला मागच्या फाटकाने येतो, पावसाळ्यात बादल्या कुठे ठेवायच्या ते भिंतीवर आहे, काही खुणा माझ्याही आहेत. जेवायला बोलावतील, नाही म्हणू नका, अर्धं वाढा म्हणा. भाजी काय केली विचारतील, खरं सांगा.

तिने सगळं लिहून घेतलं. पेनाचा आवाज येत होता. मग जरा घुटमळून म्हणाली, "दीदी, ये कह रहे थे कि चर्च में दो भाई हैं, जिनका झगड़ा है. ये आते ही सबसे पहले वही सुलझाना चाहते हैं."

मी तिला म्हटलं, बाई, त्यांच्या उत्साहाला नाट लावू नको. पण त्यांना सांग, नोव्हेंबरपर्यंत हात घालू नका. कंपाउंडच्या भिंतीचा अंदाजखर्च कपाटातल्या दुसऱ्या खणात आहे.